समुद्रातली दोरी आणि आमचा तास

नवऱ्याची बदली झाली की बायकोने बिऱ्हाड आवरायचे, ही आपल्याकडची जुनी वहिवाट. आमच्या घरी २०२३ साली ती उलटली. सौ.ला तिच्या कंपनीने दोन वर्षांसाठी टांझानियात, दारेसलामला पाठवले आणि मी, पुण्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवणारा पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ, बिनपगारी रजा टाकून तिच्या मागोमाग निघालो. कॉलेजाने एक काम तेवढे माझ्याकडे ठेवले. बहिःस्थ एम. ए.च्या विद्यार्थ्यांचा दर रविवारी संध्याकाळी सहाचा वर्ग मी इंटरनेटवरून घ्यायचा. आपले सहा म्हणजे तिथले साडेतीन. मानधन बेताचेच होते. पण दोन वर्षे स्वतःला प्राध्यापक म्हणवून घ्यायला मला तेवढाच आधार होता.

तेव्हा घरात पाऊल टाकल्याबरोबर मी दुधाची नव्हे, इंटरनेटची चौकशी केली. उपांगा भागात आमचा फ्लॅट. आजूबाजूला गुजराती वस्ती पुष्कळ. शेजारच्या काकांनी एका कंपनीचे नाव सांगितले, मी पैसे भरले आणि तारजोडणीसाठी माणूस कधी येणार ते विचारले. तो फोनवर म्हणाला, "साआ न्ने." न्ने म्हणजे चार, एवढी स्वाहिली मला विमानातल्या पुस्तकाने शिकवली होती. सकाळी निवांतपणे मंडईत जाऊन आलो आणि दुपारी दोनपासून दाराकडे डोळे लावून बसलो. चार वाजले, पाच वाजले. संध्याकाळी पहारेकऱ्याने सांगितले की तो माणूस सकाळी दहालाच येऊन गेला! स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, दहा म्हणजे चार. तो अगदी वेळेवर आला होता. मीच सहा तास उशिरा जागा झालो होतो. भाषेच्या प्राध्यापकाला याहून मोठी चपराक कोणती!

(जाता जाता सांगतो, त्याच भाषेत गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी', विम्याला 'बिमा' आणि पैशाला 'पेसा' म्हणतात. त्यामुळे पुढे आमचे सूत जमले.)

तार आली, पण वीज जाऊ लागली. त्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, तिथे विजेची टंचाई होती. रुफिजी नदीवरच्या मोठ्या जलविद्युत केंद्राचे पहिले यंत्र फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाले, तोवर वीज केव्हा जाईल याचा नेम नसे. मग कळले की भिंतीवरच्या त्या डबीला वीज लागते फार थोडी. एक लहानशी बॅटरी जोडली की ती दोन-तीन तास सहज चालते. शिवाय बोटांचे ठसे देऊन मी दोन निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डे घेतली. तिथे डेटाच्या पॅकला 'बांडो' म्हणतात. एक बांडो संपला तर दुसरा तयार. नुसत्या आवाजाला सेकंदाला शंभर किलोबिटही पुष्कळ होतात, म्हणून अडचण आली की मी आपला चेहरा बंद करीत असे. विद्यार्थ्यांनी कधी तक्रार केली नाही. एक तार, दोन सिमे, एक बॅटरी! सौ. म्हणाली, "अहो, एवढी तयारी तुम्ही आपल्या लग्नातही केली नव्हती."

आणि १२ मे २०२४ चा रविवार उजाडला. परीक्षा तोंडावर आलेली. दुपारी पाहतो तो तार मेलेली, पहिले सिम मेलेले, दुसरे धुगधुगी धरून. तीन वाटा ठेवल्या आणि तिन्ही एकदम कशा बुजल्या? उत्तर मागाहून मिळाले. शहरात कंपन्या वेगळ्या असल्या तरी समुद्रात उतरल्यावर बहुतेकांची वाट एकच. दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिक यांच्या दरम्यान ईझी आणि सीकॉम या समुद्रतळाशी असलेल्या दोन केबली तुटल्या होत्या. पैकी सीकॉमचा उत्तरेकडचा भाग तांबड्या समुद्रात फेब्रुवारीतच तुटलेला. माझा आवाज दारेसलामहून नाकासमोर मुंबईला जातो अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात तो पुष्कळदा आधी दक्षिण आफ्रिकेला नाहीतर युरोपला जाऊन मग पुण्याला पोचत असे. १८७९ साली एडनहून झांजीबार, मोझांबिकवरून दरबानला तारायंत्राची केबल टाकली होती. सव्वाशेहून अधिक वर्षांनी आलेल्या या केबलींची वाट तिच्याहून फारशी निराळी नाही आणि त्यांची जाडी बागेतल्या नळीएवढीच. अशा नळीवर आमचा तास लोंबकळत होता.

साडेतीन वाजले. आवाज जाईना. अक्षरे मात्र एकेक करून, दम खात, जात होती. त्या दिवशीचा विषय होता स्वनविचार! ध्वनींचा पाठ, आणि तोही मुक्याने! कपाळाला हात लावून मी लिहायला बसलो. "'जग' हा शब्द दोनदा मोठ्याने म्हणा. एकदा दुनिया या अर्थी, एकदा जगणे याचा आज्ञार्थ म्हणून. अक्षरे तीच, जीभ कुठे टेकते पाहा. मग 'चार' आणि 'चाक' म्हणा." दीड तास असे तुकडे पाठवत राहिलो. कोण वाचते आहे, कोण उठून गेले, काही पत्ता नाही. एवढे उजाड मला रिकाम्या वर्गातही वाटले नव्हते.

रात्री उत्तरे झिरपू लागली. एकीने आजीकडून दोन्ही 'जग' म्हणवून घेतले होते. भोर तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने लिहिले होते, "सर, आज पहिल्यांदा तास पूर्ण मिळाला. एरवी आमच्याकडे रेंज येते-जाते, तुमचे निम्मेच ऐकू येते. देवळाच्या ओट्यावर थोडे बरे येते, पण रविवारी तिथे भजन असते."

मी ते दोनदा वाचले. आठ महिने मी दर तासाला विचारीत होतो, "ऐकू येतंय ना?" आणि तो दर वेळी लिहीत होता, "हो सर." मी त्याला फोन करून विचारले, आधी का नाही सांगितलेस? तो म्हणाला, "तुम्ही एवढ्या लांबून शिकवता, सर. कसं सांगायचं?"

पुढे काही दिवसांत नेट हळूहळू सावरले. तरी पुढच्या शनिवारी रात्री मी रविवारचा पाठ लिहून काढला आणि सगळ्यांना पाठवला. सौ.ने विचारले, "आता तर नेट आहे ना?"

"आपल्याकडे आहे," मी म्हणालो.