पुढची संख्या कोणती?

स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ‘मालिका पूर्ण करा’ हा प्रश्न अंगवळणी पडला आहे. चार-पाच संख्या द्यायच्या आणि पुढची ओळखायला लावायची. उत्तरसूचीत एकच उत्तर बरोबर असते. ते तसे का, हे मात्र विचारले जात नाही.

३१, ३३१, ३,३३१ आणि ३३,३३१ या चारही मूळ संख्या आहेत. आरंभी आणखी एकेक ३ जोडत गेल्यास पुढच्या तीनही मूळच निघतात. सात वेळा खरा ठरलेला नियम आठव्या वेळी का चुकावा? पण तो चुकतो. ३३,३३,३३,३३१ हा १७ आणि १,९६,०७,८४३ यांचा गुणाकार आहे.

या मोहातून थोरही सुटले नाहीत. २ चा १, २, ४, ८, १६ असा दुपटीने वाढणारा घात घेऊन त्यात १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात. पाचही मूळ. ही मालिका अखेरपर्यंत मूळ संख्यांचीच असणार, असे फ्रेंच गणिती फर्मा याने १६४० मध्ये सांगितले. सिद्धता आपल्यापाशी नाही, हेही त्याने प्रांजळपणे कबूल केले होते. १७३२ मध्ये ऑयलरने सहावी संख्या, ४,२९,४९,६७,२९७, फोडून दाखवली : ६४१ गुणिले ६७,००,४१७. या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे, हे त्यानेच पुढे सिद्ध केले. ते ठाऊक असले की १९३, २५७, ४४९, ५७७ एवढ्या चारच संख्या निष्फळ ठरतात आणि पाचवी ६४१ लागू पडते. त्या मालिकेत ६५,५३७ च्या पुढे एकही मूळ संख्या आजवर संगणकांनाही सापडलेली नाही. (चार वर्षांच्या बाजारभावांवरून पाचव्याचे भाकीत करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी तरी फर्माला हसू नये.)

शाळेत हीच मालिका फळ्यावर लिहून पुढच्या संख्येऐवजी ‘हे कशावरून?’ असे विचारता येईल. २५७ मूळ आहे हे दाखवण्यास १३ पर्यंतच्या सहा मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते. ६५,५३७ साठी अशा ५४ संख्या लागतात. वर्गातील मुलांनी त्या आपसात वाटून घेतल्या, तर एका तासिकेत तेवढे भागाकार सहज उरकतात.