बिलीमोऱ्याची छोटी गाडी आणि तिथलचा समुद्र

बडोदे शहराला समुद्र नाही. पण संस्थानाला होता. वर ओखा-द्वारका, खाली नवसारी प्रांतातले बिलीमोरे. वाचकांपैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांच्या बदल्या या बाजूला झाल्या असतील. तरीही आपल्याकडची मंडळी समुद्र पाहावयाचा म्हटला की थेट मुंबई गाठतात, याचे नवल वाटते.

आपल्या संस्थानाला छोट्या गाडीचे वेड जुनेच. खंडेराव महाराजांच्या अमदानीत, 1862 मध्ये, डभोई-मियागाम रुळांवर बैल गाडी ओढीत. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. डभोईला आता रुंद रूळ आले. बिलीमोरे-वघई ही 63 किलोमीटरची वाट मात्र अजून त्याच मापाची आहे. डांगातले सागवान उतरवून आणण्यासाठी सयाजीराव महाराजांनी ती बांधविली. 1913 मध्ये गाडी धावू लागली. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली, कायमची बंद करण्याचेही घाटत होते. लोकांनी ओरड केली आणि सप्टेंबर 2021 मध्ये ती पुन्हा निघाली. त्या वेळी तिला एक वातानुकूलित डबाही जोडला गेला. आमचे मत विचाराल तर साधा डबा बरा. खिडकीची काच बंद करून रान पाहावयाचे, तर घरी चित्रच का पाहू नये?

गेल्या वैशाखात आईला घेऊन निघालो. बरोबर दशम्या, लसणीची चटणी आणि पाण्याचा तांब्या. गणदेवीच्या चिकूच्या आणि आंब्याच्या वाड्या मागे पडल्या की गाडी जंगलाकडे तोंड वळविते. घाई तिला ठाऊकच नाही. ठाय लयीतल्या ख्यालासारखी चालते.

वडील दरबारात सारंगी वाजवीत. याच गाडीत त्यांनी मला मात्रा मोजावयास शिकविले. रुळांच्या सांध्यांवर चाके ठोके देत, तेच बोटांवर घ्यावयाचे आणि सोळा मोजून सम गाठावयाची. चुकलो की वडील बोलत नसत, नुसते बाहेर पाहत. शिष्यांना आज मी हे यंत्रावर शिकवितो. ते लवकर शिकतात, पण त्यांची लय गाडीत बसलेली नसते.

आईला आता ऐकू येत नाही म्हटले तरी चालेल. अनावल मागे पडल्यावर सहज पाहिले, तर तिचा तळवा खिडकीच्या गजावर होता आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. मी खूण करून विचारले. ती मोठ्याने म्हणाली, ‘‘गाडी आडात चाललीय रे!’’ समोरची आदिवासी बाई हसली. आईने तिला दशमी दिली, तिने आईला करवंदे दिली.

उनाईला उतरलो. तिथल्या ऊन पाण्याच्या झऱ्यावर आईने पाय शेकले. वघईहून परतणारी गाडी धरून बिलीमोऱ्यास आलो, तेथून मोठ्या गाडीने वलसाड आणि रिक्षाने तिथल. तिथलची वाळू काळसर. कोकणातल्या पांढऱ्या वाळूची सवय असलेल्यांना ती प्रथम रुचत नाही. मात्र सूर्य टेकला की ओली वाळू तांब्याच्या परातीसारखी दिसते. मारव्याची वेळ. मी गुणगुणलो नाही. आईला ऐकू आले नसते.

वडील गेल्यापासून तिने समुद्र पाहिला नव्हता. ती लुगडे सावरून घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिली. लाट मागे जाई तेव्हा पायाखालची वाळू सरके आणि ती माझा दंड घट्ट धरी. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘‘याचा आवाज पायांना कळतो.’’

रात्री वलसाडला गाडीत गर्दी होती. एका गुजराथी मुलाने उठून आईला जागा दिली. उरलेली करवंदे त्याच्या ओंजळीत गेली.