धुऱ्याचा वाद आणि हार्वर्डचे एक वकील

वऱ्हाडात दोन भावांचे धुऱ्यावरून बिनसले की पुढची वाट ठरलेली असते. आधी शिवीगाळ, मग तहसील, मग मोजणी, आणि शेवटी दिवाणी दावा. मेळघाटातल्या कोरकू कुटुंबाला ही वाट फार महाग पडते. धारणी किंवा अकोटच्या कोर्टात एका तारखेला यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते, आणि बोलावे लागते मराठीत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. साहेब काय म्हणाले हे कळायच्या आत पुढची तारीख पडलेली असते.

अशा वेळी “आपसात मिटवा ना” असे आपण सहज म्हणतो. मिटवायचे कसे, हे मात्र कोणी शिकवत नाही. ते शिकवता येते, या विश्वासावर ज्यांनी आयुष्य काढले ते रॉजर फिशर हे अमेरिकन वकील होते. दुसऱ्या महायुद्धात ते हवामान टेहळणीच्या विमानांवर होते. त्या युद्धात त्यांचे जवळचे मित्र गेले. पुढे वॉशिंग्टनमध्ये वकिली केली आणि 1958 पासून हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये शिकवले. 1979 मध्ये तिथे वाटाघाटींच्या अभ्यासाचा प्रकल्प उभा राहिला आणि 1981 मध्ये विल्यम युरी यांच्यासोबत त्यांनी लिहिलेले छोटे पुस्तक जगभर गेले. 2012 मध्ये ते वारले.

त्यांच्या शिकवणीचा गाभा सोपा आहे. माणूस भांडताना ‘मागणी’ बोलतो, ‘गरज’ बोलत नाही. इजिप्त आणि इस्राएल दोघांनाही सिनाई हवे होते. नकाशावर कुठेही रेघ मारली तरी कोणी मानेना. पण इजिप्तला आपली भूमी परत हवी होती आणि इस्राएलला सीमेवर शत्रूचे रणगाडे नको होते. 1978 च्या कॅम्प डेव्हिड बैठकीत सिनाई इजिप्तला परत द्यायचे आणि तिचा मोठा भाग बिनलष्करी ठेवायचा असे ठरले.

आता हेच आपल्या पांदणीवर आणून पाहू. समजा, थोरला म्हणतो, “माझ्या वावरातून बैलगाडी जाऊ देणार नाही.” धाकटा म्हणतो, “हा बापजाद्याचा रस्ता आहे.” दोघांना वेगवेगळे बसवून “का?” एवढेच विचारा. थोरल्याला उभी तूर तुडवली जाण्याची भीती आहे, आणि आज गाडी जाऊ दिली तर उद्या कायमचा हक्क सांगितला जाईल अशी धास्तीही आहे. धाकट्याला गाडी लागते ती पेरणीला आणि माल काढताना. म्हणजे गाडी धुऱ्याच्या कडेने, ठरलेल्या दिवसांत, आणि तसे कागदावर लिहून. नाहीच जमले, तर धुऱ्यावरून रस्ता मागण्याचा अर्ज जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे करता येतोच.

हे सगळे आपल्याकडे नवीन मुळीच नाही. पुण्याचे वकील गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी 1870 मध्ये सार्वजनिक सभा स्थापन केली. लोकांचे तंटे सरकारी कोर्टाबाहेर सुटावेत म्हणून लवाद कोर्टांचा खटाटोपही त्यांनी केला. वकिलाने स्वतःचेच गिऱ्हाईक कमी करायचे, ही गोष्ट तेव्हाही लोकांना गमतीची वाटली असेल. मात्र लवाद निकाल देतो, गावचे पंचही निकाल देतात, आणि मध्यस्थ निकाल देत नाही. तो फक्त बोलणे घडवून आणतो. आज कोर्टांशी जोडलेल्या मध्यस्थांना 40 तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. खोटी भांडणे रचून त्यांचा सराव करतात, आणि अनेक वर्षे उलटतपासणी घेतलेल्या वकिलाला तिथे सर्वांत अवघड जाते ते गप्प बसून ऐकणे.

मत्तयाच्या 18 व्या अध्यायात आधी एकट्याने भेटावे, मग एकदोघांना सोबत न्यावे, हा क्रम सांगितला आहे. मंडळीत तो आपण जाणतो. पण आदिवासी गावात काम करताना एक सावधपणा लागतो. दुबळ्या माणसाला समोर बसवून “समझोता करा” म्हणणे ही पुष्कळदा त्याची लूटच ठरते. फिशर विचारायला शिकवत: बोलणे फिसकटले तर माझ्या हाती काय उरते? सावकाराच्या हाती पुष्कळ असते, मजुराच्या हाती काहीच नसते. म्हणून आधी त्याच्या हाती काहीतरी द्यावे लागते.

ते ‘काहीतरी’ कायद्यात आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. स्त्रियांना आणि मुलांनाही मिळतो. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. त्यामुळे पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर जमीन ‘सोडून दिली’ तरी तेवढ्याने ती जात नाही. वनहक्काचा दावा प्रलंबित असेल तर 2006 च्या कायद्याने पडताळणी पूर्ण होईपर्यंत त्या जमिनीवरून उठवता येत नाही. एवढे माहीत असलेला माणूस त्याच खाटेवर बसून वेगळ्या आवाजात बोलतो.

काही गोष्टी मध्यस्थीला बसवूच नयेत. मुलीवरचा अत्याचार, जातीवरून झालेला अत्याचार, मारहाण करून जबरदस्तीने घेतलेला अंगठा. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांना देणे कायद्याने बंधनकारक आहे. ती दाबून ‘गावात मिटवणारा’ स्वतः गुन्हेगार ठरू शकतो. आणि बाईचा वाद असेल तर तिच्या सासऱ्याला आणि नवऱ्याला विचारून बैठक संपवू नये. तिला वेगळे, शक्यतो एखाद्या बाईसमोर, कोरकूत बोलू द्यावे. बाई घरात जे सांगते ते चावडीवर सांगत नाही.

लोकअदालतीत प्रकरण मिटले तर कोर्ट फी परत मिळते आणि निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका पक्का असतो. पण त्यावर अपील नाही. म्हणून सही किंवा अंगठा करण्यापूर्वी तो कागद घरच्या भाषेत मोठ्याने वाचून घ्यावा, रक्कम आणि तारीख दोनदा विचारावी. विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक 15100 आहे. दुभाषा लागणार असेल तर अर्ज करतानाच तसे लिहावे.