वाघ, उतार आणि तीन काठ्या

डिसेंबर 2024 मध्ये बालाघाटाच्या रांगेतल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. हा तरुण नर यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून चारशेहून अधिक किलोमीटर चालत आला होता. तो टिपेश्वरचाच हे कळलं पट्ट्यांवरून, कारण दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. कॅमेरा कुठल्या वाटेवर आणि किती उंचीवर बांधायचा, मिळालेला फोटो जुन्या फोटोंशी कसा ताडून पाहायचा, हे कुणीतरी शिकलेलं होतं. शाळांमधून हल्ली ‘हरित कौशल्य’ हा शब्द कानावर येतो, तो अशाच कामांसाठी आहे. पण त्याच्याभोवती गैरसमजही पुष्कळ साचलेत.

गैरसमज : हरित कौशल्य म्हणजे झाडं लावणं.

रोप लावायला पाच मिनिटं पुरतात. ते दोन उन्हाळे जगवायचं तर जमीन, पाणी आणि झाडाची जात, तिन्हींची पारख लागते. राज्यातल्या अनेक टेकड्यांवर गिरीपुष्प लावलं गेलं, कारण ते भराभर वाढतं. ते मूळचं मध्य अमेरिकेतलं. त्याच्या दाट सावलीत आपलं गवत आणि आपली रोपं सहसा तग धरत नाहीत.

त्याहून मोठी चूक म्हणजे उघडा माळ दिसला की तो ओसाड समजून खड्डे घ्यायचे. बालाघाटाच्या माळावर कुसळी, पवना, मारवेल ही गवतं असतात. लांडगा, खोकड, चंडोल यांचं घर तेच. उस्मानाबादी शेळी, म्हणजे काळीभोर आणि बहुतेकदा जुळी देणारी आपली शेळी, अशाच चराईवर जगत आली. काही ठिकाणी झाड न लावणं हेच शहाणपण असतं, हे पोरांना कुणीतरी सांगायला हवं. येडशीचं अभयारण्य 1997 मध्ये जाहीर झालं आणि ते जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्याशा जंगलाला आजूबाजूचे माळ आणि ओढेच जोडून ठेवतात.

गैरसमज : पाणी कमी पडलं की बोअर आणखी खोल न्यायचं.

इथली जमीन म्हणजे बेसाल्टचा काळा पाषाण. या दगडात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि मधल्या भेगांत. अखंड पाषाणात ते नसतंच. सहाशे-सातशे फुटांवर लागलेलं पाणी बहुधा वर्षानुवर्षं मुरत साठलेलं असतं. ते उपसायला काही महिने पुरतात, पण तेवढ्या काळात ते पावसाने भरून निघत नाही. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा बोअर काही कमी नव्हती.

बालाघाटाची रांग ही पाणलोटाची सीमा आहे. एका अंगाला पडलेला थेंब तेरणा, मांजरा करत गोदावरीला जातो, दुसऱ्या अंगाचा सीनेवाटे भीमेला मिळतो. म्हणजे आपण उगमापाशी राहतो, वरून आपल्याला पाणी देणारं कुणी नाही. जे पडेल तेच आपलं.

किती पडतं, हे आठवीतलं पोर काढू शकतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छत 200 चौरस मीटरचं असेल आणि वर्षभरात 700 मिलिमीटर पाऊस झाला, तर 1 लाख 40 हजार लिटर. पाचवा भाग वाया गेला असं धरलं तरी लाखाच्या वर. गणिताच्या वहीत हे एकदा मांडलं की पन्हाळातून वाहून जाणाऱ्या धारेकडे पाहण्याची नजरच बदलते.

गैरसमज : हरित नोकऱ्या शहरातल्या इंजिनिअरांसाठी.

इथल्या पठारावर पवनचक्क्या फिरताहेत, शेतात सौरपंप बसताहेत. ते बसवायला, तपासायला आणि बिघडले की दुरुस्त करायला आयटीआय शिकलेले हात लागतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शेती, ऊर्जा, बांधकाम, आरोग्य या कामांतूनच मुलांनी शिकावं, हा त्यांचा आग्रह. त्यातून आलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्य मंडळानेही स्वीकारला. तो प्रत्येक माध्यमिक शाळेत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज : शाश्वत विकास म्हणजे विकासाला खीळ.

उलट आहे. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर या भागात काम करू लागलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने बायकांना एक एकराचा मार्ग दाखवला. एकरभर जमीन बाईच्या ताब्यात, आणि तिच्यात धान्य, डाळी, भाजीपाला. पाणी कमी लागतं, आणि घरचं ताटही भरतं. 2016 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

आता मुलांनी सुरुवात कुठून करायची? तीन काठ्यांपासून. दोन लांब काठ्या वर एकत्र बांधून खाली फाकवायच्या, मध्ये आडवी काठी बांधायची आणि शेंड्यापासून सुतळीला दगड लटकवायचा. चौकट उभी करून सुतळी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करायची. मग पायांची जागा अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मधली खूण म्हणजे समपातळी. सुतळी त्या खुणेवर येईल असा एकेक पाय पुढे टाकत गेलं, की उतारावर समतल रेघ उमटते आणि त्या रेघेवर पाणी अडवून मुरवणारा चर खणायचा. अभयारण्यात नव्हे, तिथे खणायला परवानगी लागते. शाळेच्या आवारात किंवा घरच्या शेतात.

पहिला मोठा पाऊस झाला की सकाळी जाऊन चर पाहायचा. पाणी शेवटपर्यंत एकसारखं थांबलं असेल तर रेघ बरोबर होती. एका टोकाला तुंबून काठावरून वाहिलं असेल, तर त्या टोकाला सुतळी खुणेवरून सरकली होती. मग तिथे पुन्हा चौकट लावायची.