एका तबकडीवर दोन भाषा

मोबाईलवर गाण्यांचा नळ चोवीस तास सुरू असतो. तरी एखादा अल्बम लावावा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत हलू नये, याची चटक काही सुटत नाही. निपाणी-बेळगाव पट्ट्यात बसून जमवलेल्या या सात कानगोष्टी.

१. वही गेली, नाव राहिलं
जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. मोठी रचना म्हणजे तबकड्यांची चळतच. ती ठेवायला फोटोंच्या अल्बमसारखी जाड पुठ्ठ्याची वही असे. १९४८ साली कोलंबिया कंपनीनं एलपी आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं! वहीची गरज संपली, पण ‘अल्बम’ हा शब्द तिथंच चिकटला.

२. अंतर मोजा कॅसेटनं
निपाणी ते कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे साठ मिनिटांची एक कॅसेट. कागलला बाजू पलटा, कोल्हापुरात उतरा. बेळगाव जास्त लांब, त्याला नव्वदची कॅसेट हवी. तवंदी घाट आणि संकेश्वर पहिल्या बाजूत, हत्तरगीजवळ खट्‌कन पलटी, मग वंटमुरी, काकती दुसऱ्या बाजूत. फीत गुंतली, तर खिशातली षट्‌कोनी पेन्सिल होतीच. गाणं पुढं ढकलायचं तर बटण दाबून अंदाज बांधत बसा. त्यापेक्षा ऐकून टाकलेलं बरं! नावडती गाणी अशीच आवडती झाली.

३. अधिक महिन्याचा जादा माल
सुधीर फडके जन्मानं कोल्हापूरचे. गदिमांच्या शब्दांना त्यांनी चाली दिल्या आणि पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झालं. आठवड्याला एक गाणं. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, रामनवमी लांबली, आणि ठरलेली ५२ गाणी ५६ झाली. पंचांगानं वाढवलेला असा अल्बम दुसरा सापडायचा नाही. पुढचं गाणं ऐकायला मधे सात दिवस थांबायचं, हे आजच्या अंगठ्याला सांगून पटणार नाही.

४. सुळेभावीचा शिवपुत्र
बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली जन्मले. जगानं त्यांना कुमार गंधर्व म्हटलं. त्यांनी ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ असे कार्यक्रम बांधले. अख्खी मैफल एकाच ऋतूची! पावसाचं एखादं गाणं गाणारे पुष्कळ, पण आभाळ भरून येण्यापासून सुरुवात करून पूर्ण पावसाळा एका बैठकीत उतरवायचा म्हणजे मैफलीचा अल्बमच की.

५. एकच गळा, दोन कपाटं
रोणचे भीमसेन जोशी. मराठीत ‘अभंगवाणी’, कन्नडमध्ये ‘दासवाणी’. इकडं तुकोबा, तिकडं पुरंदरदास, आणि दोन्हीकडं दैवत पंढरीचाच विठ्ठल. सीमाभागातल्या घरात ही दोन्ही शेजारी ठेवली, तर कुठली आधी लावायची यावरून भांडण होईल. कोण गातंय यावरून मात्र नाही. त्याच कन्नडमधली ‘नित्योत्सव’ ही निसार अहमद यांच्या गीतांची कॅसेट १९७८ ची. कन्नड भावगीतांची ती पहिली कॅसेट.

६. शफल बंद!
अल्बम क्रमानं ऐकणं हे म्हातारपणाचं वेड म्हणाल, तर ऐका. नोव्हेंबर २०२१ मध्ये गायिका अडेलनं आग्रह धरला आणि स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावरचं, गाण्यांचा क्रम आपोआप उलटापालटा करणारं ‘शफल’ बटण पुढून हटवलं. तिचं म्हणणं साधं : क्रम आम्ही विचार करून लावतो. आणि २०२२ साली अमेरिकेत १९८७ नंतर प्रथमच सीडीपेक्षा एलपी जास्त खपल्या. आपल्याकडं ‘गारवा’ हा अल्बम आठवा. आधी कविता, मग गाणं. त्याची शफल करा, कविता एकीकडं आणि गाणं भलतीकडं. लग्नात मुंडावळ्या नवऱ्याला आणि अक्षता बँडवाल्याला, तसली गत.

७. सगळ्यात लांब गेलेला अल्बम
१९७७ साली नासानं दोन व्हॉयेजर यानं सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी : जगभरातल्या संगीताच्या २७ रचना. त्यात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर भैरवी गातात. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला उडालं आणि अकराच दिवसांनी केसरबाई गेल्या. ते यान आज सौरवाऱ्याचा प्रभाव संपतो त्या सीमेपलीकडं आहे.

त्याच तबकडीवर ५५ भाषांतले नमस्कारही आहेत. त्यात मराठी आहे, आणि कन्नडही. कोगनोळीच्या सीमानाक्यावर पाटीची भाषा बदलते, त्या तबकडीवर मात्र अशी सीमा नाही. कुणाला ती ऐकायची झालीच, तर दोन्ही भाषांना एकाच सुईनं, लावलेल्या क्रमानंच ऐकावं लागेल.