हात मिळाला, पण गोळ्यांचं काय?

डोंबिवली-ठाणे पट्ट्यातून रोज लोकलला लटकणाऱ्या तुम्हा-आम्हाला घाटकोपरची ती बातमी आठवत असेल. जानेवारी २०१४. कॉलेजात जाणारी मुलगी लोकल पकडताना फलाट आणि गाडीच्या मधल्या फटीत पडली आणि दोन्ही हात गमावून बसली. ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल हॉस्पिटलात डॉ. नीलेश सातभाई यांच्या टीमने तिला नवे हात बसवले. दाता चेन्नईचा. हात विमानाने आले.

पेपरातली बातमी इथे संपते. मला मात्र पुढचा भाग जास्त अस्वस्थ करतो.

हाडं, रक्तवाहिन्या, नसा जोडता येतात. शरीराची समजूत घालणं कठीण! आपली प्रतिकारशक्ती म्हणजे एकदम कडक टीसी. परकी पेशी दिसली की उतरवलीच. त्यातून त्वचेवर तिचा राग सगळ्यात जास्त. म्हणून साधारण तीन औषधं, तीही जन्मभर. त्यातून इन्फेक्शन, डायबिटीस, किडनीला धोका. हृदय बदललं तर जीव वाचतो, तिथे हा सौदा पटतो. पण हातासाठी?

गोळ्या सोडल्या तर काय होतं, हे जगाने पाहिलंय. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला क्लिंट हॅलमला हात बसवला. त्याने औषधं थांबवली आणि २००१ मध्ये तो हात कापून काढावा लागला.

यावर पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी वेगळी वाट काढली. ऑपरेशनच्या वेळी रुग्णाच्या पांढऱ्या पेशी औषधाने एकदम कमी करायच्या, दोन आठवड्यांनी दात्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून द्यायच्या. थोडक्यात, टीसीशी आधी ओळख करून द्यायची. नंतर टॅक्रोलिमस हे एकच औषध. २०१३ मध्ये त्यांनी पाच जणांचे, आठ हातांचे निकाल मांडले. एका औषधावर हात टिकले होते, मात्र अधूनमधून शरीराची कुरकुर सुरूच होती. शिवाय श्रेय पेशींचं की आधीच्या औषधाचं? तुलनेला दुसरा गटच नव्हता. आपल्याकडे अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदींनी किडनीसाठी अशाच पेशींवर वर्षानुवर्षं काम केलं.

तेव्हा ‘स्टेम सेल घ्या, गोळ्या कायमच्या बंद’ असं कुणी छातीठोक सांगितलं, तर सरळ विचारा: किती रुग्ण, किती वर्षं?