मशीन एकाचं, झाकण दुसऱ्याचं

जुन्या एचएमटी घड्याळांच्या बाबतीत 'ओरिजिनल' हा शब्द इतका सैल वापरला जातो, की पहिल्यांदा घड्याळ घेणाऱ्याने तो ऐकला की जरा थांबावं. विकणारा सांगतो, सगळं कंपनीचंच आहे. पुष्कळदा ते खरंही असतं. फक्त ते सगळं एकाच घड्याळाचं नसतं. डायल एकाची, काटे दुसऱ्याचे, चावी तिसऱ्याचीच. अशा घड्याळाला संग्राहक 'फ्रँकन' म्हणतात, मेरी शेलीच्या 'फ्रँकेनस्टाइन'वरून. (कादंबरीत ते नाव शास्त्रज्ञाचं आहे, त्याने जोडून बनवलेल्या प्राण्याचं नाही, हे आम्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांना वर्गात दरवर्षी ऐकावं लागतं. पण घड्याळवाल्यांना कोण सांगणार?)

गेल्या पावसाळ्यात मी असंच एक घड्याळ घेतलं. बेळगावात खडेबाजाराच्या बाजूला जुन्या वस्तू मांडून बसणाऱ्या एकाकडून, अकराशे रुपयांना. एचएमटी जनता, रोज हाताने चावी द्यायचं, देवनागरी आकड्यांची डायल. ते बेमेळ आहे हे मला घेतानाच दिसत होतं आणि म्हणूनच भाव उतरला. पण बेमेळ म्हणजे खोटं का, हा प्रश्न दुरुस्तीच्या निमित्ताने नीट सुटत गेला.

आधी हे असं होतं कशामुळे, ते पाहू. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी बेंगळुरूत १९५३ साली सुरू झाली, ती यंत्रं बनवणारी यंत्रं तयार करायला. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिथेच मनगटी घड्याळांचा कारखाना निघाला. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढे घराघरांत एचएमटी पोहोचलं. लग्नात जावयाला एचएमटी, नोकरी लागली की एचएमटी, निवृत्त झाला तरी एचएमटीच. आता यातली गंमत अशी, की बाहेरून वेगळी दिसणारी कितीतरी मॉडेल्स आतून एक होती. साधी 'जनता' घ्या किंवा काळ्या डायलची 'पायलट' घ्या, दोन्हींत ०२३१ क्रमांकाचं तेच सतरा ज्वेलचं मशीन सापडतं. म्हणजे एकाचा भाग दुसऱ्यात सहज बसतो. बंद पडलेलं पायलट दुकानात पडून असेल, तर त्याचे काटे जनताला लावायला दुरुस्ती करणाऱ्याला पाच मिनिटं पुरतात. गिऱ्हाइकाला उद्या ऑफिसला जायचं असतं, काटे कोणत्या मॉडेलचे आहेत याच्याशी त्याला काय देणंघेणं? २०१६ साली सरकारने एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायचं ठरवलं. आता जुन्या घड्याळाला भाग मिळतो तो मुख्यतः दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून किंवा एखाद्या दुकानदाराच्या डब्यातून.

तेव्हा घेताना पाहायचं काय? मी डायलपासून सुरुवात करते, कारण खोटेपणा तिथे सगळ्यात जास्त असतो. देवनागरी आकड्यांच्या डायलना हल्ली मागणी आहे, त्यामुळे जुनी डायल घासून, नव्याने रंगवून, वर छापून विकतात. भिंगातून बघा. कंपनीची छपाई बारीक आणि धारदार असते. रंगवलेलीवर अक्षरं जाड, कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळत नाहीत. पन्नास वर्षांच्या घड्याळाची डायल जर झकपक निळी किंवा केशरी असेल, तर आनंद मानू नका. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. दुसरीच डायल जबरदस्तीने बसवली असेल तर हे पाय कापून ती चिकटवलेली असते. हे उघडल्याशिवाय कळत नाही, पण डायल किंचित फिरलेली दिसली, बारा वाजताचा आकडा चावीच्या काटकोनात नसला, की संशय घ्यावा.

काटे त्यामानाने सोपे. मिनिटकाटा बाहेरच्या रेघांपर्यंत पोहोचला पाहिजे, तासकाट्याने आकड्यांना झाकू नये. माझ्या घड्याळाच्या काट्यांत अंधारात चमकणारा हिरवट रंग भरलेला होता आणि डायलवर मात्र त्या रंगाचा एक ठिपकाही नव्हता. म्हणजे काटे पायलटचे किंवा तसल्याच कुणाचे. चावी तर उघड परकी, पितळी, गरजेपेक्षा मोठी.

मशीन मात्र एकसंध निघालं. ज्यांच्याकडे मी घड्याळ नेलं ते काका चाळीसेक वर्षं हेच काम करताहेत. त्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बॅलन्स व्हीलवर फुंकर घातली. चाक थोडं हललं, थांबलं. "मेलं नाही गं, तेल वाळलंय बघ," म्हणाले. हे मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. वाळलेलं तेल गोंदासारखं होतं आणि त्यात धूळ मिसळली की तीच धूळ कानशीसारखी दांड्यांना घासते. म्हणून बंद पडलेल्या घड्याळाला चावी देऊन हलवून 'चालतंय का' बघायचा मोह टाळावा. सगळं सुटं करायचं, धुवायचं, सुकवायचं, मग प्रत्येक जागी टोचणीच्या टोकावर मावेल एवढंच तेल.

अडचण आली झाकणाची. त्यावर मराठीत कोरलेलं होतं: 'सप्रेम भेट', खाली एक नाव आणि १९७४. नाव इथे लिहीत नाही. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर लग्नात नावं घालतात, तसल्याच ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत. आणि नेमकं हेच झाकण त्या केसचं नव्हतं. काकांनी फटीत कागदाची कड घालून दाखवली, अलगद आत गेली. म्हणजे धूळ जाणार, घाम जाणार, सहा महिन्यांत पुन्हा तेच. त्यांच्या डब्यात बरोबर बसणारं कोरं झाकण होतं, वर शंभर रुपये फक्त. "हे घाल, ते घरी ठेव की," काका म्हणाले.

सल्ला चुकीचा नव्हता. तरी मला तो पटेना, आणि का पटेना हे सांगायला मला वर्गातलंच उदाहरण सापडलं. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज माहीत नाही. आपल्यापर्यंत ग्रंथ आला तो हस्तलिखितांमधून, आणि १९०७ साली सालढाणांनी मंगळुरूत तो संपादून छापला तोही हस्तलिखितांच्याच आधारे. नकलणाऱ्यांचे हात लागलेली प्रत 'अशुद्ध' म्हणून फेकली असती, तर शुद्ध असं हातात काहीच उरलं नसतं. उलट एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा मागून घुसलेलं बाजूला काढणंच गरजेचं होतं. म्हणजे एकच नियम दोन्हीकडे चालत नाही. वापरात राहावं म्हणून पडलेला हात वेगळा आणि दुसऱ्याच्या नावावर खपवायला घातलेली भर वेगळी. रंगवलेली डायल दुसऱ्या प्रकारातली. पायलटचे काटे पहिल्या. आणि ते झाकण तर त्या घड्याळात एवढं एकच होतं, ज्यावर कुणा माणसाचा मागमूस होता.

म्हणून मी उलटं विचारलं: काका, झाकण ठेवून केस बदलता येईल? ते हसले. मग तीन रविवार त्यांच्या डब्यातल्या केसेस एकेक करून झाकणाला लावून पाहिल्या. सातवी बसली, टक्क आवाज करून. तिचा मुलामा कडेने उडालाय, खालचं पितळ दिसतंय. मी तो पुन्हा चढवून घेतला नाही. काच अ‍ॅक्रिलिकची, ती टूथपेस्टने घासून बरीच साफ झाली. डायलवरचा पिवळेपणा तसाच ठेवला. काटेही तेच. संग्राहकाच्या हिशेबाने माझं घड्याळ आता आधीपेक्षा जास्त बेमेळ आहे आणि विकायला काढलं तर खर्चही निघणार नाही. सर्व्हिसिंग, केस, काच धरून साडेआठशे लागले.

काकांच्या सांगण्यावरून एक चिठ्ठी मात्र केली, पट्ट्याच्या डबीत असते. डायल, मशीन: जनता, मूळ. काटे: बहुधा पायलट, आधीपासून. केस: यंदा बदलली. झाकण: आलं तसं. पुढे कुणाच्या हाती गेलं तर त्याला 'सगळं ओरिजिनल' असं ऐकायला लागू नये.

सध्या ते दिवसाला दीड मिनिट पुढे जातं. चावीचा शोध चालू आहे. आताची मनगटाला टोचते.